लुटलेल्या गलबतावरून

२३ मार्च २०२४ रोजी आयएनएस कोलकाता ही विनाशिका मुंबईत परतली, तेव्हा तिच्यावर पस्तीस सोमाली कैदी होते. नौदलाने त्यांना मुंबई पोलिसांच्या हवाली केले. आदल्या आठवड्यात भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर ‘रुएन’ नावाच्या मालवाहू जहाजावर चाळीस तास कारवाई चालली होती. वायुसेनेच्या सी-१७ विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरले आणि अखेर चाच्यांनी हात वर केले. डिसेंबर २०२३ पासून, म्हणजे तीन महिने, ते जहाज चाच्यांच्या ताब्यात होते. आतले सतरा खलाशी जिवंत सुटले. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली ती पस्तीस जणांची, डेकवर ओळीने बसवलेल्यांची. सुटलेल्या सतरा जणांचे चेहरे फारसे कुणी पाहिले नाहीत.

चाचेगिरीच्या जवळपास सगळ्याच कथांत असे घडत आले आहे. लुटणाऱ्याचा चेहरा लक्षात राहतो आणि लुटला गेलेला माणूस गर्दीत मिसळून जातो. पुढच्या पानांत जी प्रकरणे आहेत ती वाचताना वाचकाने लुटलेल्या जहाजावर उभे राहून पाहावे, एवढी एकच विनंती या प्रस्तावनेत करायची आहे. मात्र ती का करायची, हे सांगायला जरा लांबून यावे लागेल.

हे मी बालाघाट जिल्ह्यातल्या बिरशात बसून लिहीत आहे. इथून समुद्र फार दूर. आमच्या बाजूची बंजर नदी मंडल्याला नर्मदेला मिळते आणि नर्मदा भडोचजवळ समुद्राला, एवढाच काय तो आमचा आणि अरबी समुद्राचा संबंध. अशा गावात चाच्यांवरच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली जावी याचे कुणाला नवल वाटेल. पण हातात बंदूक असलेला माणूस लांबून कसा दिसतो आणि रात्री दारात आल्यावर कसा दिसतो, हे बैहर, बिरसा, लांजीकडच्या गावांना कुणी शिकवायला नको. तिकडे चंबळच्या डाकूंवर हिंदीत चित्रपटांमागून चित्रपट निघाले. १९७२ साली जौरा इथे जयप्रकाश नारायण यांच्यासमोर शस्त्रे खाली ठेवणाऱ्यांची छायाचित्रे देशभर पोचली. त्यांच्या हातून मेलेल्यांच्या घरांवर कुणी चित्रपट काढल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. बीहड असो की समुद्र, हे असेच चालत आले आहे.

एखाद्या शाळकरी मुलाला चाचा काढायला सांगितला तर तो डोळ्यावर काळी पट्टी, खांद्यावर पोपट, लाकडी पाय आणि मागे कवटीचा झेंडा काढील. हे चित्र कुठून आले ते नेमके सांगता येते. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ने १८८३ साली खजिन्याचा नकाशा, एका पायाचा लाँग जॉन सिल्व्हर आणि त्याचा पोपट जगाला दिला. डोक्याला बांधलेला रुमाल, कमरेचा रंगीत पट्टा हा सगळा पोशाख हॉवर्ड पाइल या अमेरिकन चित्रकाराने आपल्या चित्रांतून रूढ केला. सिनेमातले चाचे ज्या घोगऱ्या ढंगात बोलतात तो ढंग १९५०च्या चित्रपटात रॉबर्ट न्यूटन या नटाने आणला. पुढे २००३ पासून ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ची मालिका आली आणि हे चित्र पक्के झाले. खऱ्या चाच्यांनी बेटावर खजिना पुरून ठेवल्याची उदाहरणे शोधायला गेले तर हाताशी फारसे काही लागत नाही. लुटीचा पैसा पुरायला नव्हे, उधळायला असे.

पण या सगळ्याच्या आधीची एक गोष्ट आहे, आणि ती आपल्याच समुद्रात घडलेली आहे. तिथे मला थोडे थांबायचे आहे.

सप्टेंबर १६९५. औरंगजेबाच्या मालकीचे ‘गंज-इ-सवाई’ हे प्रचंड जहाज मक्केच्या यात्रेकरूंना आणि मोख्याच्या व्यापाऱ्यांना घेऊन सुरतेला परतत होते. सुरत काही दिवसांवर राहिली होती. हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने त्याला गाठले. एव्हरीचे जहाज लहान, पण चपळ. गंज-इ-सवाईवरची एक तोफ डागतानाच फुटली, आसपासची माणसे मेली, आणि शत्रूच्या गोळ्याने मुख्य डोलकाठी मोडली. जहाज हाती पडल्यावर कित्येक दिवस लूट चालली. यात्रेकरूंना छळून लपवलेला पैसा काढून घेतला. बायकांवर अत्याचार झाले, काहींनी समुद्रात उड्या घेतल्या, काहींनी स्वतःला भोसकून घेतले. मोगल इतिहासकार खाफीखानाने हे लिहून ठेवले आहे, आणि एव्हरीच्याच टोळीतल्या पकडलेल्या माणसांनी पुढे लंडनमध्ये दिलेल्या जबान्या त्याला फार खोटे पाडत नाहीत. सुरतेत लोक खवळले. ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारीतल्या इंग्रजांना बेड्या पडल्या, निम्मे कारण संताप आणि निम्मे कारण जमावापासून त्यांचा बचाव.

लंडनमध्ये काय झाले ते पाहा. एव्हरी कधीच सापडला नाही. त्याचे काही साथीदार सापडले. ऑक्टोबर १६९६ मध्ये गंज-इ-सवाईच्या लुटीबद्दल खटला चालला आणि ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. सरकारची मोठीच नाचक्की झाली. मग त्याच माणसांवर, त्यांनी बंड करून पळवलेल्या इंग्रज जहाजाबद्दल नवा खटला भरला आणि शिक्षा झाल्या. नोव्हेंबरात पाच जण फासावर गेले. म्हणजे हिंदी यात्रेकरूंच्या लुटीने जे साधले नाही ते इंग्रज मालकाच्या नुकसानीने साधले.

त्यानंतरची गोष्ट मला अधिक क्लेश देते. १७०९ साली लंडनमध्ये एव्हरीचे एक बनावट चरित्र छापले गेले. त्यात तो मादागास्करचा राजा झालेला आहे आणि मोगल शहजादीशी त्याने लग्न केले आहे. १७१२ साली ड्रुरी लेन नाट्यगृहात ‘द सक्सेसफुल पायरेट’ या नावाचे नाटक लागले. ज्या बायकांनी त्या जहाजावरून समुद्रात उड्या घेतल्या त्यांच्या जागी पंधरा-सतरा वर्षांत एक प्रेमात पडलेली शहजादी उभी राहिली. पुढची सगळी पुस्तके, चित्रे, चित्रपट याच वाटेने गेले आहेत. मुलांच्या पोपटवाल्या चाच्यामागे सुरतेच्या त्या यात्रेकरूंचे जहाज आहे, हे आपण मराठी, गुजराती माणसांनी तरी विसरू नये. एव्हरीची गोष्ट परक्यांची म्हणून सोडून द्यावी अशी नाही. घाव आपल्या किनाऱ्यावर झाला होता.

आणि आता आंग्र्यांकडे यावे लागेल, कारण मराठी वाचकाच्या मनात हा प्रश्न एव्हाना उभा राहिलाच असणार. इंग्रजांनी आमच्या कान्होजींनाही चाचाच म्हटले होते ना? म्हटले होते, आणि ते निव्वळ तोंडी नव्हे. क्लेमेंट डाउनिंग या इंग्रज दर्यावर्द्याने १७३७ साली छापलेल्या पुस्तकाच्या शीर्षकातच ‘आंग्रिया द पायरेट’ आहे. पण कान्होजींकडे सरखेलपद, म्हणजे आरमाराचे प्रमुखपद, होते, कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग असे किल्ले होते, जकात होती, दस्तक म्हणजे परवाने होते. आधी ते ताराबाईंच्या बाजूचे होते. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांनी मध्यस्थी केली आणि ते शाहू महाराजांकडे आले. त्यांचे दस्तक घेतलेल्या गलबताला त्यांच्या आरमाराने हात लावायचा नाही, न घेतलेल्याला सोडायचे नाही, असा नियम होता. हा नियम काही त्यांनी शोधून काढला नव्हता. पोर्तुगीज दोनशे वर्षे ‘कार्ताझ’ नावाचा परवाना देऊन हेच करत आले होते. पोर्तुगीजांनी केले तर तो राज्याचा हक्क, मराठ्यांनी केले तर चाचेगिरी, हा न्याय आम्ही मानायचे काही कारण नाही. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले, तरी त्यांना तो घेता आला नाही. चाच्यांच्या टोळीवर दोन साम्राज्ये मिळून मोहीम काढत नसतात.

इतके ठासून सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे, कारण या पुस्तकाचा सारा भर त्यावर आहे. १७१२ साली आंग्र्यांच्या आरमाराने मुंबईचा गव्हर्नर विल्यम एस्लबी याची सशस्त्र नौका पकडली. कारवारच्या वखारीचा प्रमुख थॉमस चाउन त्या लढाईत मारला गेला आणि त्याची तरुण बायको कैदेत पडली. पुढच्या फेब्रुवारीत ३०,००० रुपये घेऊन तिला सोडण्यात आले. सरखेल आपल्या हद्दीचा अंमल चालवत होते हे खरे, आणि तिने नवरा गमावून खंडणीच्या घासाघिशीत महिनोन् महिने काढले हेही खरे. कान्होजींचा मान राखायचा म्हणून ती बाई गोष्टीतून पुसायची, असे आपण करू लागलो तर लंडनच्या नाटकवाल्यांना नावे ठेवायचा हक्क आपल्याला उरत नाही.

आंग्र्यांचे आरमार शेवटी बुडवले ते केवळ इंग्रजांनी नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि तुळाजी आंग्र्यांची गलबते जाळली, तेव्हा नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. त्या दिवसाचे दुःख मराठी इतिहासकारांनी पुष्कळ मांडले आहे, म्हणून इथे लांबवत नाही. पुढे ‘चाच्यांचा बंदोबस्त’ हेच कारण दाखवून कंपनीने १८१२ च्या तहांत कोल्हापूरकरांकडून मालवण आणि सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले घेतले. एखाद्याला चाचा ठरवले की त्याचे बंदर घेता येते, हा धडा कोकणपट्टीने तेव्हाच शिकला.

आजचा आंतरराष्ट्रीय कायदा या गुंत्यातून एक सरळ कसोटी काढतो. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारानुसार, खुल्या समुद्रात एका खासगी जहाजावरच्या माणसांनी खासगी स्वार्थासाठी दुसऱ्या जहाजावर केलेली हिंसा, अटकाव किंवा लूट, म्हणजे चाचेगिरी. खासगी स्वार्थ हा त्यातला कळीचा भाग. या कसोटीवर सरखेल सुटतात आणि एव्हरी सापडतो. पण कसोटी असणे आणि आरोपीला कोर्टात शिक्षा होणे या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. हे मुंबईने १९९९ नंतर अनुभवले, आणि माझ्या दृष्टीने या पुस्तकाचा गाभा तेच प्रकरण आहे.

२२ ऑक्टोबर १९९९ रोजी ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे जहाज इंडोनेशियातल्या क्वाला तंजुंग बंदरातून जपानकडे निघाले. पोटात सुमारे ७,००० टन ॲल्युमिनियमच्या विटा. मलाजखंडची तांब्याची खाण बिरशापासून जवळच आहे. धातू भरलेले डंपर आणि ट्रक या रस्त्यांवर रोजचे आहेत, त्यामुळे ७,००० टन म्हणजे काय याचा अंदाज इथल्या माणसाला चटकन येतो. इतका माल पोपटवाल्या चाच्याला चोरता येणार नाही. त्याला आधी गिऱ्हाईक ठरलेले लागते, खोटी कागदपत्रे लागतात, जहाजाला नवे नाव आणि नवा झेंडा लागतो, माल उतरवून घेणारे बंदर लागते.

आणि हे सगळे त्यांच्याकडे होते. बंदर सोडून काही तास होतात न होतात तोच चाचे चढले. जहाजावर सतरा माणसे होती, दोन जपानी आणि पंधरा फिलिपिनो. त्यांना दुसऱ्या बोटीवर नेऊन जवळपास आठवडाभर कोंडून ठेवले आणि मग एका रबरी जीवरक्षक तराफ्यात बसवून समुद्रात सोडून दिले. वर ऊन, खाली समुद्र, हाताशी थोडे पाणी आणि थोडा शिधा. दिवसांमागून दिवस ते तराफ्यात वाहत राहिले. जवळून जहाजे गेली, थांबले कुणी नाही. अखेर ८ नोव्हेंबरला एका थाई मच्छीमार बोटीने त्यांना वर घेतले. सतराही जण वाचले, आणि त्यांच्यामुळेच जहाज पळवल्याची बातमी जगाला पक्केपणी कळली.

तोवर अलोंड्रा रेनबोला दुसरा रंग फासला गेला होता. नाव झाले होते ‘मेगा रामा’, झेंडा बेलीझ या देशाचा. मालाचा काही भाग आधीच उतरवून विकला गेला होता. क्वालालंपूरमधल्या चाचेगिरी नोंदणी केंद्राने जहाजाचे वर्णन सगळीकडे कळवले. नोव्हेंबरच्या मध्यावर भारतीय तटरक्षक दलाच्या विमानाला अरबी समुद्रात तसेच एक जहाज दिसले. बेलीझकडे चौकशी केली, तर तिथे ‘मेगा रामा’ नावाच्या जहाजाची नोंदच नाही. तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ या जहाजाने पाठलाग सुरू केला. थांबायचा इशारा दिला, पुढ्यात गोळ्या झाडल्या, तरी जहाज पळतच राहिले. मग नौदलाची आयएनएस प्रहार येऊन मिळाली. १६ नोव्हेंबरला, आता सुटका नाही हे दिसल्यावर, आतल्या पंधरा इंडोनेशियन माणसांनी जहाजाला आग लावली आणि ते बुडवायचा प्रयत्न केला. नौदलाने चाचे पकडले, जहाजही वाचवले आणि मुंबईला आणले.

खुल्या समुद्रात पळवलेले जहाज चाच्यांसकट पकडले जाणे तेव्हा जगात जवळजवळ होतच नसे. कौतुक झाले, ते योग्यच होते. पण मुंबईच्या यलो गेट पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवायची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला की लावायचे कोणते कलम? आपल्या दंडसंहितेत चाचेगिरी असा गुन्हाच नव्हता. दरोड्याची कलमे होती आणि १८४९ सालचा, ब्रिटिश अमदानीतला, आरमारी गुन्ह्यांचा कायदा होता. जहाज जपानी मालकीचे, झेंडा पनामाचा, खलाशी फिलिपिनो आणि जपानी, चाचे इंडोनेशियन, चोरी मलाक्काच्या तोंडाशी, पकडले अरबी समुद्रात, आणि खटला मुंबईत. २००३ साली सत्र न्यायालयाने पंधरांपैकी चौदा जणांना सात वर्षांची सक्तमजुरी दिली. दोन वर्षांनी, एप्रिल २००५ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले.

मला इथे न्यायालयाला दोष द्यायचा नाही. न्यायालय हातात असलेल्या कायद्याने चालते. दोष इतकी वर्षे कायदा न करणाऱ्यांचा आहे. तराफ्यातल्या सतरा जणांच्या बाजूने विचार केला तर हा दोष लहान नाही. १६९६ च्या लंडनमध्ये ज्यूरीने एव्हरीच्या माणसांना सोडले तेव्हा निदान दुसरा खटला उभा राहिला होता.

त्यानंतर सोमालियाचे पर्व सुरू झाले. १९९१ साली सियाद बार्रेची राजवट कोसळली आणि तिथे सरकार म्हणावे असे काही उरले नाही. किनाऱ्याची राखण करणारे कुणी नसल्यामुळे परदेशी ट्रॉलर येऊन मासळी ओरबाडून नेऊ लागले, विषारी कचरा टाकल्याच्या तक्रारी झाल्या. तिथल्या कोळ्यांनी बंदुका हाती घेतल्या, आधी त्या ट्रॉलरवाल्यांविरुद्ध. या मुळावरून सोमाली चाच्यांना आपल्या समुद्राचे राखणदार म्हणणारा एक मोठा वर्ग जगभर आहे, आपल्याकडेही आहे. त्यांचे म्हणणे मी झटकून टाकणार नाही. कोकणातल्या कोळ्यालाही परप्रांतीय ट्रॉलर आणि पर्ससीन जाळ्यांचा राग कसा येतो हे ज्याने पाहिले आहे त्याला सोमाली कोळ्याचा राग कळेल. पण २००८ पर्यंत तो राग मागे पडून धंदा पुढे आला होता. पैसा गुंतवणारे वेगळे, बोटी आणि इंजिने पुरवणारे वेगळे, ओलिसांवर पहारा करणारे वेगळे, फोनवर खंडणीची घासाघीस करणारे दुभाषे वेगळे. पहारेकऱ्यांच्या रोजच्या खतचा, म्हणजे चघळायच्या नशेच्या पाल्याचा, हिशोब त्यांच्या वाट्यातून कापला जाई. लहानशा होडीतून शिडी टाकून जहाजावर चढणारा पोरगा सगळ्यात आधी मरत असे आणि त्याला मिळत असे सगळ्यात कमी. सोमालियालाच धान्याची मदत पोचवायला निघालेली जहाजेही लुटली गेली, मांडवी-सलायाकडच्या गरीब कच्छी खलाशांची लाकडी गलबतेही पळवली गेली. त्यांनी सोमालियाची मासळी कधी चोरली होती?

जहाजावर राहणाऱ्या माणसासाठी हा काळ कसा होता ते बारकाईने सांगायला हवे. एडनच्या आखाताकडे वळण्याआधी डेकच्या कठड्याला काटेरी तारेची वेटोळी बांधायची. आगीच्या पाण्याचे पाइप बाजूंना सोडून ठेवायचे, म्हणजे शिडी लावणाऱ्यावर पाण्याचा जोरदार मारा करता येतो. दुर्बीण घेऊन जादा पहारे लावायचे, कधी जुन्या बॉयलरसूटमध्ये चिंध्या भरून पहारेकऱ्याचे बुजगावणे उभे करायचे. जहाजाच्या पोटात, बहुधा स्टीअरिंग गिअर किंवा इंजिनच्या खोलीजवळ, जाड लोखंडी दाराची एक जागा ठरवायची. तिला सिटाडेल म्हणतात. तिथे पाणी, बिस्किटे, औषधे आणि सॅटेलाइट फोन. चाचे चढलेच तर इंजिन बंद करून सगळ्यांनी तिथे जायचे आणि दार आतून लावायचे. यातला पहिला नियम असा की एकही माणूस बाहेर राहता कामा नये. बाहेर एक जण जरी सापडला तरी त्याच्या कानाशी बंदूक लावून दार उघडवता येते, आणि वाचवायला आलेले कमांडो गोळी झाडू शकत नाहीत. ५ जानेवारी २०२४ रोजी ‘लिला नॉरफोक’ या जहाजावरचे एकवीस जण, त्यांत पंधरा भारतीय, याच नियमाने वाचले. आयएनएस चेन्नईचे कमांडो पोचले तेव्हा चाचे निघून गेले होते आणि सगळी माणसे आत सुखरूप होती.

सगळ्यांचे नशीब असे नव्हते. २०१० च्या सप्टेंबरात ‘अस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज पंधरा भारतीय खलाशांसह पळवले गेले. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोचली, जहाज सुटले, पण चाच्यांनी सात भारतीयांना ठेवून घेतले. त्याआधीच्या तीन महिन्यांत भारतीय नौदलाने ‘प्रांतले १४’, ‘प्रांतले ११’, ‘वेगा ५’ अशा पळवलेल्या बोटींवरून शंभराहून अधिक सोमाली पकडून मुंबईत आणले होते. त्यांना सोडा, मग यांना सोडतो, असा हा सौदा होता. ते सात जण घरी परतले २०१४ च्या ऑक्टोबराअखेर. घरून बोटीवर निघालेला माणूस चार वर्षांनी परत आला. मधल्या काळात पगाराचे काय, कर्जाच्या हप्त्यांचे काय, फोन आला तर काय बोलायचे आणि काय बोलायचे नाही, हे त्या घरांनी कसे निभावले असेल याचा विचार चाच्यांवर चित्रपट काढणाऱ्यांनी एकदा करावा. २०१९ च्या डिसेंबरात पश्चिम आफ्रिकेजवळ ‘ड्यूक’ या टँकरवरून वीस भारतीय पळवले गेले. महिनाभराने एकोणीस सुटले. एकाचा कैदेतच मृत्यू झाला होता.

पण केवळ खलाशांच्या बाजूने उभे राहिल्याने सगळे सोपे होते असेही नाही. भीतीचेही एक चित्र तयार होते, आणि तेही रोमँटिक चित्राइतकेच आंधळे असू शकते. नोव्हेंबर २००८ मध्ये आयएनएस तबरने एडनच्या आखातात चाच्यांची मदरशिप, म्हणजे त्यांच्या होड्या सोडणारे मोठे जहाज, समजून एक जहाज बुडवले. नौदलाचे म्हणणे होते की त्यावरून धमक्या आणि गोळीबार झाला, म्हणून स्वसंरक्षणार्थ मारा केला. पुढे कळले की ते चाच्यांनी पळवलेले थायलंडचे मच्छीमार जहाज होते, आणि त्यावरचे खलाशी आतच होते. बहुतेक गेले. एक जण समुद्रात तरंगत सापडला.

आणि १५ फेब्रुवारी २०१२ चा केरळ. चाच्यांच्या धोक्याचा पट्टा तोवर नकाशावर थेट भारताच्या किनाऱ्यापर्यंत, ७८ अंश रेखांशापर्यंत वाढवला होता. ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन टँकरवरच्या सशस्त्र नौसैनिकांना ‘सेंट अँटनी’ ही मासेमारीची बोट चाच्यांची वाटली. त्यांनी गोळ्या झाडल्या आणि दोन मच्छीमार मेले. खटला दिल्लीपासून हेगपर्यंत फिरला आणि २०२१ साली दहा कोटींच्या भरपाईवर सर्वोच्च न्यायालयाने तो मिटवला. धोक्याचा पट्टा भारतीय किनाऱ्यापासून मागे हटवायला २०१५ चा डिसेंबर उजाडला. आपल्याच समुद्रात जाळे टाकायला निघालेला कोळी कुणाच्या तरी दुर्बिणीत चाचा दिसतो, ही गोष्ट रत्नागिरी, हर्णै, मालवणच्या प्रत्येक तांडेलाने ऐकून ठेवावी अशी आहे. १८१२ साली चाचेगिरीच्या नावाखाली बंदरे गेली, २०१२ साली दोन जीव गेले.

म्हणूनच या विषयाला नुसती शौर्यकथा पुरत नाही, नुसता संताप पुरत नाही आणि नुसती करुणाही पुरत नाही. कायदा लागतो, आणि तो उशिरा का होईना आला. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने सागरी चाचेगिरीविरोधी कायदा केला आणि फेब्रुवारी २०२३ पासून तो लागू झाला. आता खुल्या समुद्रात पकडलेल्या चाच्यावर, तो कुठल्याही देशाचा असो आणि जहाज कुणाचेही असो, भारतात खटला चालवता येतो. शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे, आणि हल्ल्यात कुणाचा जीव गेला तर फाशीपर्यंत. फाशीच्या तरतुदीबद्दल मला शंका आहे. एक तर फाशीची शक्यता दिसली की ज्यांच्या ताब्यात ओलीस आहेत ते शेवटपर्यंत लढतील. दुसरे म्हणजे शिडीवर चढणाऱ्या पोराला फाशी देऊन पैसा लावणारा सुरक्षितच राहतो. कायद्याने या धंद्यातल्या वरच्या माणसांपर्यंत पोचावे, ही अपेक्षा ठेवायला हवी. ‘रुएन’चे पस्तीस जण या नव्या कायद्याच्या काळात मुंबईत आणले गेले. अलोंड्रा रेनबोच्या वेळी जी पोकळी होती ती निदान त्यांच्या वेळी नव्हती.

पुस्तकातल्या प्रकरणांचा क्रम काळाप्रमाणे आहे, पण वाचकाने तो पाळलाच पाहिजे असे नाही. विद्यार्थ्यांनी सिटाडेलचे प्रकरण आधी वाचले तर त्यांना बाकीच्या प्रकरणांत जहाजाची रचना लवकर समजेल. कोकणातल्या आणि गोव्यातल्या ज्या घरांतून कुणी बोटीवर आहे, तिथे बंदीवासाच्या काळात कुटुंबांनी कुणाशी संपर्क साधावा, मॅनिंग एजंट (खलाशांची भरती करणारा), संघटना आणि जहाजवाहतूक महासंचालनालय यांच्याकडे काय मागावे, कोणती कागदपत्रे घरी ठेवावीत, हे सांगणारे शेवटचे प्रकरण उपयोगी पडेल. सीडीसीची, म्हणजे खलाशाच्या नोंदणीपुस्तकाची, छायाप्रत, कराराची प्रत आणि कंपनीचा चोवीस तास लागणारा फोन नंबर एवढे तरी, माणूस बोटीवर जाण्याआधी, घरातल्या एका ठिकाणी ठेवलेले असावे.

बिरसा, जि. बालाघाट